तर, तम आणि तारतम्य

‘मुंबई इज वन ऑफ द बिगेस्ट सिटीज इन इंडिया.’ डिग्री बदला.

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या कुणासमोरही हे वाक्य ठेवलं की हात आपोआप चालू लागतो. आधी ‘मुंबई इज बिगर दॅन मोस्ट अदर सिटीज’, मग ‘व्हेरी फ्यू सिटीज आर अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई’. तीन वाक्यं झाली, मार्क खिशात, पुढचा प्रश्न. या तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच, फक्त अंगरखा वेगळा, असं शिकवलं जातं आणि मुलंही ते मुकाट मान्य करतात. पण एखाद्या बिल्डरला विचारून पाहावं. ‘आमचा प्रकल्प शहरातल्या सर्वात मोठ्या प्रकल्पांपैकी एक’ असं तो आनंदाने छापेल. ‘फार थोडे प्रकल्प आमच्याइतके मोठे आहेत’ हे मात्र तो छापणार नाही, कारण ते वाचणाऱ्याचं लक्ष लगेच त्या ‘फार थोड्यां’कडे जातं. अर्थ तोच असेलही, पण बोट दाखवण्याची दिशा बदलली.

ही डिग्रीची घोकंपट्टी अनेक घरांत ज्या पुस्तकातून आली ते म्हणजे ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे 1924 मध्ये त्यांची ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची साहसकादंबरी गाजली आणि तिच्यावर सिनेमेही निघाले. व्याकरणाच्या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना जांभया आणणारा हा माणूस वाळवंटातल्या किल्ल्यांच्या आणि चोरीला गेलेल्या नीलमण्याच्या गोष्टी लिहायचा, हे कळलं असतं तर वर्गातल्या मागच्या बाकांवर त्याला थोडा जास्त मान मिळाला असता.

तुलनेचं इंग्रजी मराठी माणसाला परकं वाटतं, पण त्याचं मूळ फार लांबचं नाही. संस्कृतमध्ये तुलनेचे प्रत्यय दोन जोड्यांत येतात. एक ‘तर’ आणि ‘तम’ ही जोडी: लघुतर, लघुतम. दुसरी ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ ही: स्वादु म्हणजे गोड, स्वादीयस् म्हणजे जास्त गोड, स्वादिष्ठ म्हणजे सर्वात गोड. आता इंग्रजी पाहावं: स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट. ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे नुसते एकसारखे ऐकू येत नाहीत. धातू तोच, प्रत्ययही तोच, एकाच आजीची दोन नातवंडं. कलकत्त्यात 1786 साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं भाषण केलं होतं. त्या भाषणाचा हा पुरावा मराठी माणूस बासुंदीची वाटी पुसता पुसता रोज उच्चारतो. फक्त मराठीत आल्यावर ‘ठ’चा ‘ट’ झाला आणि ‘सर्वात’ हा अर्थ गळून ‘चविष्ट’ एवढाच उरला.

‘तर-तम’ची जोडीही मराठीत टिकली, पण प्रत्यय म्हणून कमी आणि ‘तारतम्य’ या शब्दात जास्त. कशाला किती महत्त्व द्यायचं, काय जास्त आणि काय कमी, हे ओळखण्याची अक्कल म्हणजे तारतम्य. व्याकरणातल्या दोन प्रत्ययांपासून शहाणपणाचा शब्द घडवणारी भाषा आपली आहे, याचा जरा अभिमान बाळगायला हरकत नाही.

रोजच्या मराठीने मात्र प्रत्ययांची भानगडच मोडीत काढली. ‘उंच’ हा शब्द कुणाच्याही शेजारी उभा राहिला तरी उंचच राहतो. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ उचलतो. इंग्रजीत तसं नाही. तिथे शब्दाला ‘अर’ लावायचा की आधी ‘मोर’ ठेवायचा, हा पहिला फाटा. एका अवयवाच्या (म्हणजे सिलॅबलच्या) शब्दाला ‘अर’, तीन किंवा जास्त अवयवांच्या शब्दाला ‘मोर’, इथवर सगळं सरळ. दोन अवयवांच्या शब्दांत गोंधळ. ‘हॅपिअर’ चालतं, ‘मॉडर्नर’ कानाला टोचतं, आणि ‘कॉमनर’ व ‘मोर कॉमन’ दोन्ही चालतात. इथे नियम विचारण्यात अर्थ नाही, कान तयार करावा लागतो.

एका ठिकाणी मात्र निवड अर्थासाठी करावी लागते. एकाच माणसाचे दोन गुण तोलायचे असतील तर शब्द कितीही छोटा असला तरी ‘मोर’च लागतं: ‘ही इज मोर लेझी दॅन स्टुपिड’. इथे ‘लेझिअर’ म्हटलं की वाक्य मोडलं. मराठीत हेच ‘तो मूर्ख कमी, आळशी जास्त’ असं ‘पेक्षा’च्या वाटेला न जाता निघून जातं. मराठीत विचार करून इंग्रजी बोलणाऱ्याची इथे सहसा चूक होत नाही, कारण ‘जास्त’ त्याच्या जिभेवर तयारच असतो. तोच ‘जास्त’ मग ‘मोर टॉलर’मध्ये नको तिथे घुसतो.

अर्थात ‘मोर टॉलर’ला हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. शेक्सपिअरच्या काळात असे दुहेरी प्रयोग सर्रास चालत. ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी सीझरवरच्या एका वाराचं वर्णन करताना एकाच शब्दावर ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ दोन्ही चढवतो, आणि नाट्यगृहात कुणी उठून हरकत घेतली नव्हती. ‘निअरर’ हा आजचा शिष्टसंमत शब्द तर मुळातच दुहेरी आहे. जुन्या इंग्रजीत ‘नाय’ म्हणजे जवळ, ‘निअर’ म्हणजे जास्त जवळ, ‘नेक्स्ट’ म्हणजे सर्वात जवळ. पुढे ‘निअर’मधली तुलना लोक विसरले आणि त्याच्यावर आणखी एक ‘अर’ चढवला. आपल्याकडेही ‘श्रेष्ठ’ या शब्दात ‘सर्वात’ आधीच बसलेला आहे, तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो. हा आजच्या वर्तमानपत्रांचा आळस म्हणावा तर ‘श्रेष्ठतम’ हा शब्द यजुर्वेदाच्या अगदी पहिल्या मंत्रात येतो. तुलनेचे शब्द वापरून वापरून झिजतात, आणि लोक त्यांना पुन्हा कल्हई करतात.

इंग्रजी जाणणाऱ्यांच्या जगात सर्वात जास्त भांडणं झाली ती ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’वरून. पुस्तकी नियम सोपा आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’. दूध ‘लेस’, दुधाच्या पिशव्या ‘फ्यूअर’. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत कमी सामान घेणाऱ्यांसाठी वेगळी रांग असते आणि तिच्यावर ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ अशी पाटी असायची. दहा वस्तू मोजता येतात, मग ‘लेस’ कसं, अशी तक्रार व्याकरणप्रेमी वर्षानुवर्षं करत राहिले. शेवटी 2008 मध्ये टेस्को या साखळी दुकानाने पाटीच बदलायची ठरवली. ‘फ्यूअर’ लिहिलं असतं तर दुसरी बाजू नाक मुरडणार, म्हणून सोप्या इंग्रजीचा प्रचार करणाऱ्या ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’च्या सूचनेवरून ‘अप टू टेन आयटेम्स’ असं लिहिलं गेलं. ‘दहा वस्तूंपर्यंत’. मराठी दुकानदाराने पहिल्या दिवशीच हेच लिहिलं असतं.

हा नियम आला कुठून? 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज लेखकाने एका पुस्तकात सहज म्हटलं की संख्येच्या बाबतीत आपल्याला ‘लेस’पेक्षा ‘फ्यूअर’ अधिक डौलदार आणि अधिक योग्य वाटतं. वाटतं, एवढंच. ती एका माणसाची आवड होती. पुढच्या व्याकरणकारांनी तिला कायद्याचा शिक्का मारला. वास्तविक नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या लेखनातही मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’ सापडतं. त्याचं कारण गमतीचं आहे. तेव्हा ‘लेस’ नामासारखं वापरलं जाई आणि पुढच्या शब्दाला षष्ठी लागे. म्हणजे ‘कमी शब्द’ असं न म्हणता ‘शब्दांचं कमी’ असं काहीसं. षष्ठीचे प्रत्यय कालांतराने झडले, ‘लेस’ तिथेच उभं राहिलं आणि नऊशे वर्षांनी गुन्हेगार ठरलं.

आणखी एक गोष्ट या भांडणात कुणी फारशी काढत नाही. ‘कमी’साठी दोन शब्द हवेत असा आग्रह धरणाऱ्यांना ‘जास्त’साठी एकच शब्द पुरतो. दूधही ‘मोर’, पिशव्याही ‘मोर’. पूर्वी इथेही जोडी होती: प्रमाणासाठी ‘मोर’ आणि संख्येसाठी ‘मो’. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येही हा ‘मो’ भेटतो. तो नंतर मेला. कुणी शोकसभा घेतली नाही आणि इंग्रजीचं काही अडलंही नाही.

मग ‘फ्यूअर’ टाकून द्यावं का? नाही. कारण कधीकधी ते खरंच कामाला येतं. ‘लेस सिरियस कम्प्लेंट्स’ म्हणजे कमी गंभीर स्वरूपाच्या तक्रारी आणि ‘फ्यूअर सिरियस कम्प्लेंट्स’ म्हणजे गंभीर तक्रारींची संख्या कमी. सरकारी अहवालात या दोघांची अदलाबदल झाली तर खात्याची अब्रू जाईल किंवा वाचेल. मराठीत ‘कमी गंभीर तक्रारी’ असं लिहिलं की नेमका हाच घोळ होतो, आणि तो सोडवायला आपण शब्द बदलत नाही, जागा बदलतो: ‘गंभीर तक्रारी कमी आल्या’. पैसा, अंतर आणि वेळ यांच्या बाबतीत तर पुस्तकी नियमाचे कट्टर पाईकही गुपचूप ‘लेस’ वापरतात. शंभर रुपयांहून कमी, पाच किलोमीटरहून कमी. रुपये मोजता येतात हे खरं, पण मनात ते सुटे नसतात, एक रक्कम असते.

‘डिफरंट’च्या पुढे काय लावायचं हा त्याच जातीचा दुसरा तंटा. ‘फ्रॉम’ सगळीकडे चालतं. ब्रिटिश बोलण्यात ‘टू’ येतं, अमेरिकेत ‘दॅन’. अर्थात तिळमात्र फरक नाही. फाउलरने 1926 च्या आपल्या प्रसिद्ध शब्दप्रयोग-कोशात ‘फक्त फ्रॉम’चा हट्ट अंधश्रद्धेत जमा केला होता, आणि फाउलर काही ढिलाईसाठी प्रसिद्ध नव्हता. परीक्षेत ‘फ्रॉम’ लिहावं आणि पुढे जावं.

‘कम्पेअर टू’ आणि ‘कम्पेअर विथ’ यांच्याकडे मात्र थांबून पाहण्यासारखं आहे, कारण हा फरक समजायला इंग्रजापेक्षा मराठी माणसाला कमी कष्ट पडावेत. ‘कम्पेअर टू’ म्हणजे उपमा देणं. ‘कम्पेअर विथ’ म्हणजे तुलना करणं. चेहऱ्याला चंद्राची उपमा देतात तेव्हा कुणी फूटपट्टी काढत नाही, साम्य दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. तिथे ‘टू’. लासलगावच्या बाजारातला कांद्याचा आजचा भाव गेल्या आठवड्याच्या भावाशी ताडून पाहायचा असेल, कुठे चढला, कुठे उतरला, तर तिथे ‘विथ’. शेक्सपिअर अठराव्या सॉनेटच्या सुरुवातीला प्रिय व्यक्तीला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा द्यावी का, असं विचारतो आणि ‘टू’ वापरतो. पण लगेच पुढच्या ओळींत तो त्या दिवसाचे दोष काढत सुटतो. आपल्या अलंकारशास्त्रात याला वेगळं नाव आहे: व्यतिरेक. उपमेय उपमानाच्या वरचढ ठरलं की व्यतिरेक. इंग्रजीतल्या दोन शब्दयोगी अव्ययांच्या मधली जागा संस्कृत पंडितांनी एका अलंकाराने भरून ठेवली होती. आजच्या इंग्रजी पत्रकारितेत हा भेद पातळ झाला आहे, आकडेवारीतही बिनदिक्कत ‘टू’ येतं. तरी ज्याच्या हातात ‘उपमा’ आणि ‘तुलना’ असे दोन वेगळे शब्द आहेत त्याने तो पाळायला काय हरकत आहे?

‘दॅन’नंतर ‘आय’ की ‘मी’, हा वाद बिशपांच्या दर्जाचा आहे. शब्दशः. रॉबर्ट लाउथ पुढे लंडनचा बिशप झाला. 1762 च्या त्याच्या व्याकरणात ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय मानलं गेलं, म्हणून पुढे दडलेलं वाक्य पुरं करून पाहावं आणि त्यानुसार ‘आय’ किंवा ‘मी’ निवडावं, असा दंडक आला. त्याचाच समकालीन जोसेफ प्रीस्टली, ऑक्सिजन शोधणाऱ्यांतला एक, हाही व्याकरण लिहीत असे, आणि त्याला लोकांच्या तोंडचं ‘दॅन मी’ मान्य होतं. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये ‘दॅन हूम’ लिहून ठेवलं होतं, ते लाउथच्या नियमात बसेना, तेव्हा त्याला अपवाद करावा लागला. कवी मोठा असला की नियम वाट सोडतो.

लाउथच्या बाजूने एक गोष्ट म्हणायला हवी. ‘शी लव्ह्ज यू मोर दॅन ही’ आणि ‘शी लव्ह्ज यू मोर दॅन हिम’ या दोन वाक्यांवर संसार उभे राहतात आणि मोडतात. पहिल्यात त्याच्या प्रेमाहून तिचं प्रेम जास्त, दुसऱ्यात त्याच्यावरच्या प्रेमाहून तुझ्यावरचं जास्त. मराठीत ही सोय नाही. ‘सुमनला मंदापेक्षा आजी जास्त आवडते’ हे वाक्य घरात मोठ्याने म्हणून पाहावं. मंदालाही आजी आवडते पण सुमनइतकी नाही, की सुमनला मंदा आजीइतकी आवडत नाही? मंदा खोलीत असेल तर दुसरा अर्थ घेऊन ती रुसणार, हे नक्की. ‘पेक्षा’ हा शब्द मुळात ‘अपेक्षा’चा अवशेष, म्हणजे ‘च्या संदर्भात’. कोणत्या संदर्भात ते मात्र तो सांगत नाही.

‘एल्डर’ आणि ‘ओल्डर’ यांचं कोडं इंग्रजी शिकवणारे उगाच अवघड करतात. ‘एल्डर’ म्हणजे थोरला. बस्स. थोरला भाऊ असतो, थोरली जाऊ असते, थोरले बाजीराव असतात, पण थोरली इमारत नसते आणि ‘तो माझ्यापेक्षा थोरला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. तिथे ‘वयाने मोठा’ म्हणजेच ‘ओल्डर’ लागतं. इंग्रजीतही ‘एल्डर दॅन मी’ चालत नाही, ते यामुळेच. ‘एल्डर’ हे नात्यातलं स्थान आहे, मापाची पट्टी नाही. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ हे तर लॅटिनमधून आयते तुलनेचा प्रत्यय लावून आलेले पाहुणे. त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतं. ऑफिसात ‘ही इज सीनियर दॅन मी’ म्हणणाऱ्याला सीनियर माणूस सहसा दुरुस्त करत नाही, कारण मुद्दा त्याच्या सोयीचा असतो.

काही नियम असे भक्कम दिसतात आणि एका दुपारी कोसळतात. ‘ओव्हर’ म्हणजे वर, संख्येसाठी ‘मोर दॅन’च हवं, असा अमेरिकन वर्तमानपत्रांचा दंडक होता. तो एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचे संपादक आणि कवी विल्यम कलन ब्रायंट यांच्या वर्ज्य शब्दांच्या यादीपर्यंत मागे जातो. मार्च 2014 मध्ये लास व्हेगसला कॉपी एडिटरांचं संमेलन भरलं असताना असोसिएटेड प्रेसने जाहीर केलं की यापुढे ‘ओव्हर’ही चालेल. सभागृहात उसासे निघाले. माझ्या मुडद्यावरून जा, या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातलं ‘ओव्हर’ काढून तिथे ‘मोर दॅन’ घातलेला विनोद मग इंटरनेटभर फिरला.

या सगळ्यात ज्यावर खरोखर भांडायला हवं त्यावर कुणी भांडत नाही. ‘थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी’ म्हणजे तिप्पट, हे स्पष्ट आहे. ‘थ्री टाइम्स मोर’ म्हणजे काय? शंभराचे तीनशे, की शंभरात तीनशेची भर पडून चारशे? मराठी बातम्यांत ‘उत्पन्नात दुपटीने वाढ’ हे वाक्य याच जातीचं. शंभराचे दोनशे झाले की तीनशे, हे बातमी लिहिणाऱ्यालाही विचारावं लागतं. ‘उत्पन्न दुप्पट झालं’ असं लिहिलं की शंका संपते. व्याजदराच्या बातमीतही हेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आणला. ही ‘पाव टक्क्याची’ कपात म्हणून छापून येते, पण ती पाव ‘पर्सेंटेज पॉइंट’ची कपात आहे. टक्क्यांच्या भाषेत मोजली तर ती जवळपास चार टक्के भरते. बेकरला ‘लेस’ खटकलं. हिशेबातली ही चूक त्याच्या वारसांच्या कानाला टोचत नाही, कारण ती ऐकायला शिष्ट वाटते.

शिष्टपणा मात्र नेहमी जिंकतोच असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात ‘लेसर’ हा शब्द नोंदवला तो शिव्या घालूनच. ‘लेस’मध्ये तुलना आधीच आहे, त्यावर आणखी ‘अर’ चढवणं हा त्याच्या मते अडाण्यांचा रानटीपणा होता. हिवाळा लागला की ठाण्याच्या खाडीत, चिखलावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे फ्लेमिंगो उतरतात. त्यांच्यात दोन जाती, ‘ग्रेटर फ्लेमिंगो’ आणि ‘लेसर फ्लेमिंगो’. लेसरची चोच गडद, जवळजवळ काळपट, ग्रेटरची फिकी गुलाबी आणि टोकाला काळी. जॉन्सनचा तो रानटी शब्द आता पक्षीशास्त्राच्या यादीत ताठ मानेने उभा आहे. मराठी पक्षीमित्र दुर्बीण डोळ्याला लावून म्हणतात, ‘तो मोठा रोहित, आणि हा बघ, छोटा.’